दहावीतल्या मुलाच्या नाकावरचे काळे ठिपके, गालावरच्या पुळ्या: काय करू?

गिरणाकाठची | १२ मे, रात्री १०:४०

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, यंदा दहावीला. आम्ही भडगाव तालुक्यात राहतो. दिवाळीपासून त्याच्या नाकावर आणि हनुवटीवर काळे ठिपके दिसायला लागले. मग कपाळभर बारीक पुटकुळ्या आल्या, आणि आता दोन्ही गालांवर लाल, ठणकणाऱ्या पुळ्या आहेत.

सुरुवातीला मीच चुकले, ते आधी सांगते. मला वाटलं काळं दिसतंय म्हणजे मळ बसलाय. वाफ दिली आणि केसांच्या पिनेने नाक दाबून काढायला बसले. पाच-सहा निघाले, दोन जागी रक्त आलं, आणि आठवड्याने तिथेच पू भरला. मग बेसन-हळद-लिंबू लावून पाहिलं. लिंबाने त्याचं तोंड इतकं भगभगलं की ओला रुमाल तोंडावर ठेवून तो कूलरपुढे झोपला. आता तो स्वतःच दिवसातून चार-पाच वेळा साबणाने तोंड घासतो.

परवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर भरलेलं होतं. सांजोऱ्या तळत असताना पाहुण्यांतल्या एकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, तोंडाला काय झालं तुझ्या?" बाकीची पोरं हसली. तेव्हापासून तो ताट घेऊन आतल्या खोलीत जेवतो.

आज उशीची खोळ धुवायला काढली तर तिच्यावर रक्ताचे बारीक डाग दिसले. आणि कंपासपेटीत एक ट्यूब सापडली, शेपटाकडून गुंडाळत आणलेली, निम्म्याहून जास्त संपलेली. मित्राने नाव सांगितलं होतं म्हणे, "आठ दिवसांत तोंड साफ." मध्ये खरंच तोंड साफ आणि उजळ झालं होतं. मी तर खूश होते, मला वाटलं बेसनाचा गुण आला.

सासूबाई म्हणतात, "वयनं शे, निंघी जाई." वाट बघायची का? शेव-भाजी, तळण बंद करू का? दवाखाना करायचा तर कुठला? कुणाच्या घरात हे झालं असेल तर कृपया सांगा.

रावेरची केळबाग | १२ मे, रात्री ११:१५

ताई, मी २१ वर्षांचा आहे. आठवीपासून बारावीपर्यंत माझं तोंड असंच होतं, म्हणून लगेच लिहितोय.

औषधाचं बाकीचे सांगतील. मी एवढंच सांगतो, घरात त्याच्या तोंडाबद्दल कुणी बोलायचं नाही. काळजीनेसुद्धा नाही. माझी आजी रोज सकाळी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "आज दोन कमी दिसतात." तिची माया होती ती. पण मला त्या दोन बोटांची इतकी धास्ती बसली होती की ती उठायच्या आत मी बांधावर निघून जायचो. येणारा जाणारा प्रत्येक माणूस उपाय सांगतो. कुणी म्हणतो पोट साफ नाही, कुणी म्हणतो रात्री जागतो, आणि कुणी नको ते संशय घेतो. त्यातलं काहीही खरं नसतं आणि पोरगं मात्र स्वतःला घाणेरडं समजायला लागतं.

पाहुण्यांना तुम्ही एकदा ठणकावून सांगा. तो खोलीत नसताना सांगा.

औषधवाला अमळनेर | १३ मे, सकाळी ८:०५

ताई, बाकी सगळं नंतर. त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी बघा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही आहे का? आणि किती दिवस लावतोय?

गिरणाकाठची | १३ मे, सकाळी ९:३०

भिंग घेऊन वाचलं दादा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन अशी तीन नावं आहेत. विचारलं तर म्हणाला, "पाच आठवडे झाले. बंद केली की आग होते, म्हणून परत लावतो." आजही लावली आहे.

औषधवाला अमळनेर | १३ मे, सकाळी १०:१०

तीच भीती होती.

मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. हे तिघांचं मिश्रण चेहऱ्यावरच्या वांगासाठी डॉक्टर ठराविक दिवस देतात. मुरुमांचं ते औषध नाही आणि गोरं करायची क्रीम तर मुळीच नाही. पण स्टेरॉइडने लाली आणि सूज लगेच बसते, त्यात हायड्रोक्विनोनने रंग उतरतो. म्हणून आठ दिवसांत तोंड टवटवीत दिसतं आणि ट्यूबचं नाव एका पोराकडून दुसऱ्याकडे जातं. पुढे कातडी पातळ होते, उन्हात चटका बसल्यासारखी लाल होते, गालावर लव वाढते आणि मुरुम आधीपेक्षा दाटून येतात. थांबवलं की आग होते, म्हणून पोरगं पुन्हा लावतं. तुमच्या मुलाने नेमकं हेच सांगितलंय.

मी २० वर्षं काउंटरला उभा आहे. लावायची ही स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत म्हणून २०१८ साली त्यांतली चौदा शेड्यूल 'एच' या चिठ्ठीवरच्या औषधांच्या यादीत घातली. तरी लग्नसराईत रोज कुणीतरी रिकामी ट्यूब घेऊन येतं आणि "अशीच द्या" म्हणतं. आमच्या धंद्यातल्या कुणीतरी तुमच्या पोराला चिठ्ठी न विचारता ती दिली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता वेळ घालवू नका. त्वचारोगतज्ज्ञच गाठा. ट्यूब सोबत न्या, फेकून देऊ नका. एकदम बंद करायची की हळूहळू, ते तेच ठरवतील.

त्वचा ओपीडी | १३ मे, दुपारी ३:२०

मी त्वचारोग विभागात काम करते. अमळनेरच्या दादांनी लिहिलेलं अगदी बरोबर आहे. ट्यूबचा निकाल समोर तपासूनच लागेल, त्यामुळे त्यावर इथे सल्ला देत नाही. पण मूळ दुखणं समजून घ्या, म्हणजे पुढचे महिने धीर धरता येईल.

वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलांत आणि मुलींतही. त्यांच्यामुळे कातडीतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात. त्याच वेळी केसाच्या मुळाशी जे बारीक छिद्र असतं, तिथल्या मेलेल्या पेशी नीट झडत नाहीत, चिकटून बसतात. तेल आणि पेशी मिळून बूच तयार होतं. छिद्राचं तोंड उघडं असेल तर बुचाचा वरचा भाग हवा लागून काळा पडतो. हाच तुमचा काळा ठिपका. कातडीला रंग देणारं मेलॅनिन त्यात असतं, तेच काळवंडतं. तो मळ नाही. म्हणून घासून, वाफ देऊन, पाच वेळा धुऊन तो जात नाही. छिद्राचं तोंड मिटलेलं असेल तर पांढरी पुटकुळी होते. त्या कोंडलेल्या जागेत नेहमीचे जंतू वाढले, आत सूज आली, की लाल ठणकणारी पुळी होते. पिनेने दाबलं की बूच आणि पू आतल्या आत फुटतो आणि सूज आणखी खोल जाते. तुमच्या मुलाच्या नाकावर हेच झालं.

नाकावर बारीक, करडे, एकसारखे ठिपके असतील आणि दाबल्यावर दोऱ्यासारखं पांढरं येत असेल, तर ते बहुधा ब्लॅकहेडही नसतं. ती तेलाची नेहमीची वाट आहे. काढलं तरी काही दिवसांत परत भरतं. त्याच्या मागे लागू नका.

काळ्या ठिपक्यांवर आणि बंद पुटकुळ्यांवर आमचं मुख्य औषध अडापेलीन, ०.१ टक्के जेल. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढं. पुळ्यांवर ठिपका ठिपका लावून उपयोग नाही, कारण पुढच्या महिन्यातली पुळी आज न दिसणाऱ्या बुचात असते. पहिले दोन-तीन आठवडे कातडी सुकते, सालपटं निघतात, कधी पुळ्या थोड्या वाढतात. घाबरून बरेच जण तिथेच सोडतात. एक दिवसाआड सुरू केलं आणि वरून साधं मॉइश्चरायझर लावलं तर निभतं. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे. लाल पुळ्यांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड, सुरुवात २.५ टक्क्यांपासून. त्याने रंगीत कापडाचा रंग उडतो. पण स्टेरॉइडने सोललेल्या तोंडावर यातलं काहीही आज लावायचं नाही. आधी कातडी सावरू द्या.

तोंड दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने, घाम आला तर मधे नुसत्या पाण्याने. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, साबणाचा फेस होत नाही, मग पोरं जास्त घासतात. तसं नको.

शेव-भाजीचं म्हणाल तर ताटातली तर्री गालावर येत नाही. साखर, थंड पेयं, मैदा यांनी मुरुम वाढतात असं बऱ्यापैकी दिसतं, दुधाबद्दल मतं सारखी नाहीत. बाटलीबंद सरबतं कमी करा. पण त्याच्या एकट्याच्या ताटातून भाजी काढून घेऊ नका, ती त्याला शिक्षा वाटेल.

आणि "वयनं शे" हे आजींचं म्हणणं निम्मं खरं आहे. वय सरलं की पुष्कळांचे मुरुम जातात. खड्डे मात्र राहतात. ठणकणाऱ्या, खोल पुळ्या असतील तर वाट बघू नये.

शहाद्याची मामी | १३ मे, संध्याकाळी ६:४५

डॉक्टरताई, माझ्या आईने आम्हा बहिणींना कडुनिंबाचा पाला वाटून आणि मुलतानी माती लावली, आमचं तर बरं झालं. ते अगदीच चुकीचं का? मला वाद घालायचा नाही, घरात दोन भाच्या आहेत म्हणून विचारते.

त्वचा ओपीडी | १३ मे, रात्री ९:००

मामी, धडधाकट कातडीवर मुलतानी मातीने वरचं तेल शोषलं जातं, थोडा वेळ बरं वाटतं. आतलं बूच तिने निघत नाही. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, वाटलेला लसूण यांनी मात्र भाजतं आणि सावळ्या कातडीवर त्या भाजल्याचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. मुरुमापेक्षा त्या डागांसाठी जास्त लोक येतात आमच्याकडे.

भाच्यांच्या केसांना तेल किती लावता? रोज खोबरेल चापून लावलं, कपाळावर ओघळलं आणि वर स्कार्फ घट्ट बांधला, की कपाळाच्या कडेने बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. तेल लावायचंच तर न्हायच्या आधी तासभर लावा, रात्रभर नको. उशीची खोळ वरचेवर बदला.

शहाद्याची मामी | १३ मे, रात्री ९:२५

अगं बाई, धाकटीच्या कपाळावर अगदी तशीच रांग आहे. वेणी मीच घालते तिची, उद्यापासून तेल बंद.

तापीथडी | १४ मे, सकाळी ७:५०

भुसावळहून लिहितेय. मुलींच्या आयांसाठी एक. माझी मुलगी १६ वर्षांची. जबड्याच्या कडेला पुळ्या, हनुवटीवर राठ केस, पाळी दोन-अडीच महिन्यांनी. मी वर्षभर नुसती फेसवॉश बदलत राहिले. शेवटी डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि रक्त तपासायला सांगितलं, पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांचा बिघाड निघाला. हे तीनही एकत्र दिसलं तर नुसत्या चेहऱ्याकडे बघत बसू नका, माझं वर्ष वाया गेलं तसं तुमचं जायला नको.

आणि आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, मुली डोळे सोडून सगळं तोंड बांधून बाहेर पडतात. बांधलंच पाहिजे, ऊनच तसं आहे. पण तोच घामट स्टोल चार दिवस वापरला की गालावर रॅश येते. आम्ही आता सुती तीन ठेवलेत, रोजचा रोज धुतो.

यावलचे आबा | १४ मे, दुपारी १:३०

माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे पळतो, मग जिम, मग दूधात पावडर घालून पितो. त्याच्या पाठीवर, छातीवर आणि कपाळावर घामोळ्यासारखे एकाच मापाचे दाणे आहेत, खाज फार. मुरुमाचं क्रीम लावून दोन महिने झाले, ढिम्म फरक नाही. तो टी-शर्ट काढत नाही पोरांसमोर.

त्वचा ओपीडी | १४ मे, रात्री ८:४०

आबा, खाज आणि एकाच मापाचे दाणे म्हटलं की मुरुमांशिवाय दुसरी शंका येते. घामट अंगावर मॅलासेझिया नावाची बुरशी केसाच्या मुळांशी वाढते. दिसायला मुरुमासारखंच, पण औषध वेगळं, बुरशीवरचं. अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या तर उलट वाढतं. दाखवून घ्या. पळून आल्यावर लगेच आंघोळ, ओला बनियन अंगावर वाळू द्यायचा नाही. आणि ती पावडर व्हे प्रोटीनची असेल तर महिना दोन महिने थांबवून पाहा, काहींचे मुरुम तिने उठतात. डाळ, अंडी, शेंगदाणे, हरभरे यांत भरतीपुरतं प्रथिन मिळतं.

गिरणाकाठची | २१ मे, रात्री ११:०५

जळगावला जाऊन आलो. सकाळी सहाची एसटी धरली. शासकीय रुग्णालयात केसपेपर काढला, त्वचा विभागासमोर दीड तास बसलो. तो रुमालाने तोंड बांधून बसला होता. समोरच्या बाकावर त्याच्याच वयाची दोन मुलं होती, अशीच. त्यांतल्या एकाने विचारलं, "तुला पण का?" मग याने रुमाल खाली केला. गेल्या कित्येक दिवसांत अनोळखी माणसासमोर पहिल्यांदा.

डॉक्टरांनी ट्यूब पाहिली, रागावल्या नाहीत. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि दहा मिनिटं त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. ट्यूब बंद. सध्या फक्त सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, उन्हासाठी जेलचं सनस्क्रीन आणि एक गोळी. त्यांनी आधीच बजावलं, "पुढचे पंधरा दिवस वाईट जातील, पण ट्यूबकडे वळू नका."

तसंच चाललंय. आज सहावा दिवस, तोंड टोमॅटोसारखं लाल आहे, पुळ्या दुप्पट. रात्री मला म्हणाला, "आई, एकदाच लावू दे, फक्त झोपण्यापुरती." खरं सांगते, माझा हात ट्यूबकडे जाणार होता. मग दोघं गच्चीवर जाऊन बसलो, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. दोन वाजता झोप लागली त्याला.

रावेरच्या दादा, तुमचं लिहिणं मी त्याच्या बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी त्या पाहुण्यांना फोन केला. काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण पाहुण्यांनी रविवारी त्याला नुसतं "अभ्यास कसा चाललाय" एवढंच विचारलं.

रावेरची केळबाग | २१ मे, रात्री ११:४०

ताई, काहीही झालं तरी ती ट्यूब आज रात्रीच घराबाहेर काढा. नाव कागदावर लिहून ठेवा, ट्यूब नको. माझ्या कपाटात अशीच एक होती, मी तीन वेळा परत तिच्याकडे गेलो.

त्याला माझा निरोप सांगा. तिसऱ्या आठवड्यात आग कमी झाली माझी. आरसा रात्री बघूच नको म्हणावं, ट्यूबलाइटच्या उजेडात सगळं दुप्पट दिसतं.

गिरणाकाठची | २२ मे, सकाळी ६:२०

काढली. त्यानेच काढली. निरोप दोनदा वाचला.

धुळ्याचा मास्तर | ९ जून, संध्याकाळी ५:१०

शाळा आता उघडतील म्हणून शिक्षक या नात्याने दोन शब्द. मुलं तोंडावरून हाका मारतात, आणि कधी कधी आम्हीही न कळत त्यात भर घालतो. मागे मीच एका मुलीला "तोंड धुऊन येत जा" म्हटलं होतं. ती पुढे आठवडाभर आलीच नाही. हा धागा वाचेपर्यंत मला वाटायचं ते मळाचंच असतं. या वर्षी नववीच्या विज्ञानाच्या तासाला मी त्वचेचा भाग घेणार आहे, काळा ठिपका कसा होतो ते फळ्यावर काढून. डॉक्टरताई, तुमचं बुचाचं उदाहरण वापरलं तर चालेल ना?

त्वचा ओपीडी | ९ जून, रात्री १०:००

मास्तर, जरूर वापरा. सोबत ट्यूबचंही सांगा. आणि मुलांना हेही सांगा की हा संसर्ग नाही, एकमेकांना लागत नाही. शेजारी बसायला कुणी नको म्हणायचं कारण नाही.

गिरणाकाठची | ४ सप्टेंबर, रात्री ९:५०

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून कळवते.

जूनच्या शेवटी आग थांबली. जुलैत दुसऱ्या तपासणीला अडापेलीन सुरू झालं, आधी एक दिवसाआड, मग रोज. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड. गोळी ऑगस्टमध्ये थांबवली. पहिल्या महिन्यात नाकाच्या कडेची सालपटं निघायची, तेव्हा मीच जास्त अस्वस्थ होते. तो शांत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री लावलं की पेन्सिलीने टिंब काढतो. जुलैत चार टिंबं कमी आहेत, ऑगस्टमध्ये एकच.

आता नाकावरचे ठिपके जवळून पाहिले तरच दिसतात. हनुवटीवर अजून एखादी पुळी येते. गालावर काळे डाग आहेत, आणि डाव्या गालावर तीन बारीक खड्डे, जिथे पूर्वी फोडल्या होत्या. त्यांचं पुढच्या खेपेला विचारायचंय. तारीख १८ आहे.

परवा पोळ्याला त्याने शिंगांना रंग लावला, आणि दिवसभर गावात फिरला. रुमाल गळ्यात होता, तोंडावर नाही.

एक शंका आहे. त्याच्या निळ्या टॉवेलवर आणि शाळेच्या शर्टाच्या कॉलरीवर पिवळट-पांढरे डाग पडलेत. सासूबाईंना वाटतं साबण बदलला. हे त्या औषधाचंच ना?

औषधवाला अमळनेर | ४ सप्टेंबर, रात्री १०:१५

त्याचंच. रंग उडालाय, धुऊन येणार नाही. पांढरा टॉवेल द्या त्याला, आणि सकाळी लावल्यावर पूर्ण सुकू दे, मग शर्ट घालू दे. खोळही पांढरीच घ्या.

गिरणाकाठची | ४ सप्टेंबर, रात्री १०:३०

उद्या बाजार आहे, दोन पांढरे आणते.